ताळा: एका उत्तरसूचीच्या नोंदी

२ जून

काम हाती घेतलं. सराव-संचात एकसामयिक समीकरणांची १२० उदाहरणं आहेत: ७० दोन चलांची, ३८ तीन चलांची आणि १२ शाब्दिक. मागच्या आवृत्तीच्या उत्तरसूचीत चुका निघाल्या होत्या, आणि त्या आम्हाला नाही, सोडवणाऱ्यांना सापडल्या. यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. उदाहरण सोडवणारा मागे उत्तर बघतो, जुळत नाही म्हणून पुन्हा मांडतो, पुन्हा तेच येतं, आणि शेवटी चूक आपलीच असणार असं धरून पुढे जातो. चूक आमची, मनस्ताप त्याचा.

या खेपेला ठरलंय ते असं: ताई सगळी उदाहरणं हाताने सोडवणार, मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून प्रत्येक उत्तराचा ताळा करणार. ताळा झाल्याशिवाय उत्तर सूचीत जाणार नाही. मी लगेच संगणकाकडे वळले, तर ताईने थांबवलं. "आधी दहा-पंधरा उदाहरणांचा ताळा हाताने कर. काय तपासायचं ते तुलाच नीट ठाऊक नसेल, तर त्या यंत्राला तू काय सांगणार आहेस?"

राग आला होता. पण बसले.

४ जून

बरं झालं बसले ते. उदाहरण ७४:

२क्ष + य − झ = ५ … (१)
क्ष − ३य + २झ = ११ … (२)
३क्ष + २य − ४झ = २ … (३)

झ चा लोप करायचा. (१) ला २ ने गुणून (२) मध्ये मिळवलं: ५क्ष − य = २१. (३) मधून (१) ची चौपट वजा केली: −५क्ष − २य = −१८. हे नीटस दिसावं म्हणून चिन्हं बदलली आणि घाईत ५क्ष − २य = १८ असं लिहिलं. पुढची वजाबाकी केली तर य = ३, मग क्ष = २४/५, आणि (१) वरून झ = ३८/५.

आता ताळा. ५क्ष − य = २४ − ३ = २१, जुळलं. ५क्ष − २य = २४ − ६ = १८, जुळलं. मूळ (१): ४८/५ + ३ − ३८/५ = ५, जुळलं. मूळ (२): २४/५ − ९ + ७६/५ = २० − ९ = ११, तेही जुळलं. चार ठिकाणी जुळलं म्हटल्यावर मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या उदाहरणाकडे गेले.

ताईने वही ओढून घेतली आणि (३) मध्ये किमती घातल्या: ७२/५ + ६ − १५२/५ = −१६ + ६ = −१०. हवे होते २.

मग दोघींनी नीट विचार केला की चार ताळे का जुळले. (१) वरूनच झ काढला होता, तेव्हा (१) जुळणारच. तो ताळा नव्हेच, आपणच ठेवलेली वस्तू आपणच उचलून बघणं झालं. ५क्ष − य = २१ ही पायरी बरोबर होती आणि ती (१) आणि (२) मधून आलेली, म्हणून (२) सुद्धा जुळणारच. चुकीचं समीकरण तर मीच लिहिलं होतं, ते आपल्या चुकीशी इमान राखून जुळलं. चूक ज्या समीकरणाच्या वाटेवर झाली होती ते एकटं (३) खरं बोलणारं होतं, आणि नेमकं त्यालाच मी विचारलं नाही.

बरोबर उत्तर (४, −१, २). (१): ८ − १ − २ = ५. (२): ४ + ३ + ४ = ११. (३): १२ − २ − ८ = २.

नियम पहिला, लाल शाईने: ताळा छापलेल्या मूळ समीकरणांत करायचा, आणि सगळ्या समीकरणांत. मधल्या पायऱ्यांत केलेला ताळा धरायचा नाही.

५ जून

ताईची जुनी युक्ती. हाताने लांबलचक निरसन (एकेक चलाचा लोप करत जाणं) करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज लिहायची, आणि ओळीवर जी क्रिया कराल तीच बेरजेवरही करायची. कालचंच उदाहरण:

२, १, −१, ५ : बेरीज ७
१, −३, २, ११ : बेरीज ११
३, २, −४, २ : बेरीज ३

पहिलीची दुप्पट अधिक दुसरी: ओळ येते ५, −१, ०, २१. तिची बेरीज २५, आणि बेरजांवरून १४ + ११ = २५. जुळलं. तिसरी वजा पहिलीची चौपट: −५, −२, ०, −१८. बेरीज −२५, आणि ३ − २८ = −२५. जुळलं. आता चिन्हं बदलली की बेरीज २५ झाली पाहिजे. माझ्या चुकलेल्या ओळीची बेरीज ५ − २ + १८ = २१. म्हणजे चूक जिथे झाली तिथेच हाती लागली असती. पान उलटून उत्तरापर्यंत जायची गरजच नव्हती.

आणखी एक झटपट ताळा मला सुचला: तिन्ही समीकरणं मिळवायची आणि एकाच ओळीत किमती घालायच्या. इथे ६क्ष − ३झ = १८ येतं. (४, −१, २) घातलं तर २४ − ६ = १८. माझं चुकीचं उत्तर घातलं तर २८.८ − २२.८ = ६, पकडलं! मी खूश. ताई म्हणाली, "य कुठे गेला?" बेरजेत त्याचा सहगुणक १ − ३ + २ = ० झालाय. म्हणजे य ची किंमत १०० लिहिली तरी हा ताळा हूं की चूं करणार नाही. घाईच्या वेळी ठीक आहे, खात्रीच्या वेळी नाही.

९ जून

प्रोग्रामचा पहिला खर्डा. काम अगदी साधं: सहगुणक वाच, उत्तर वाच, डावी बाजू काढ, उजवीशी जुळते का ते सांग. मुद्दामच त्याला समीकरणं सोडवायला शिकवलेलं नाही. सोडवणारा आणि तपासणारा एकच असेल तर त्याने स्वतःशी सहमत होण्यात कौतुक कसलं? ताईची वाट वेगळी, प्रोग्रामची वेगळी. दोघे एकाच ठिकाणी भेटले तर ठीक.

चालवला, आणि ११ उत्तरं चूक दाखवली. छातीत धस्स झालं. पहिलंच बघितलं:

०.१क्ष + ०.२य = ०.३, उत्तरात क्ष = १, य = १.

हे चूक? लहान मूलसुद्धा सांगेल की बरोबर आहे. पायथनला ०.१ + ०.२ किती ते विचारलं तर म्हणतो ०.३०००००००००००००००४. हा दोष पायथनचा नाही. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो, आणि ०.१ तिथे संपतच नाही, जसा आपल्याकडे १/३ संपत नाही. मग ५३ बिटांत, म्हणजे ०-१ च्या ५३ जागांत, बसेल अशी सगळ्यात जवळची संख्या ठेवावी लागते. राहिलेले बारीक फरक बेरजेत डोकावतात आणि 'बरोबर आहे का?' या प्रश्नाला नाही असं उत्तर येतं. अकराच्या अकरा उदाहरणांत दशांश होते.

१० जून

दोन उपाय होते. एक, थोडा फरक चालवून घ्यायचा, म्हणजे दोन बाजू अमुक इतक्या जवळ असल्या की जुळलं म्हणायचं. दुसरा, सगळं अपूर्णांकांत करायचं. पायथनमध्ये अपूर्णांकांचं तयार साधन आहे, त्यात ०.१ हा खरोखर १/१० राहतो. दुसरा निवडला. अकराच्या अकरा सुटली.

ताईला मात्र पहिला पटत होता. "छापलेल्या उत्तरात कुणी १/३ च्या जागी ०.३३ लिहिलं तर तुझा प्रोग्राम त्याला नापास करेल." करू दे. छापताना अपूर्णांकच छापू. 'थोडा फरक चालेल' हे मला आतून खटकतंय, पण का ते अजून नीट सांगता येत नाही.

१३ जून

दोन चलांची ७० पूर्ण. तीन ठिकाणी ताळा जुळला नाही. त्यांतलं एक फार शिकवणारं निघालं. उदाहरण ३१:

७क्ष + ४य = १
२क्ष − ३य = १२

सूचीतलं उत्तर (३, −५). पहिल्यात २१ − २० = १, छान. दुसऱ्यात ६ + १५ = २१, पाहिजेत १२. प्रोग्राम म्हणतो उत्तर चूक. आता सोडवून बघितलं: क्ष = ५१/२९, य = −८२/२९. ताळाही जुळतो, म्हणजे छापलेल्या समीकरणांची खरी उकल हीच. पण सराव-संचात, तेही तिसाव्या क्रमांकाच्या आसपास, कोण २९ छेदाचं उत्तर देतं? शंका आली म्हणून मूळ हस्तलिखित काढलं. तिथे उजवीकडे २१ आहे. टंकताना २१ चे १२ झाले.

म्हणजे उत्तर बरोबर, प्रश्न चुकीचा. ताळा न जुळणं एवढंच सांगतो की दोघांचं एकमेकांशी पटत नाही. खोटं कोण बोलतंय ते तो सांगत नाही, ते आपण शोधायचं. मी जर आज्ञाधारकपणे उत्तर 'दुरुस्त' केलं असतं तर पानावर ५१/२९ छापलं गेलं असतं आणि ते गणिती दृष्ट्या बिनचूक असतं!

उरलेल्या दोन साध्या चिन्हांच्या चुका. केल्या दुरुस्त.

१६ जून

प्रोग्राम कोसळला. सूचीत उत्तराच्या जागी 'उकल नाही' असे शब्द होते, आणि तो बिचारा आकडे शोधत होता. उदाहरण ५८:

४क्ष − ६य = १०
६क्ष − ९य = १४

गुणोत्तरं बघितली तर ४/६ = ६/९, पण १०/१४ वेगळं. समांतर रेषा, उकल नाही. आम्ही शाळेपासून हेच लिहीत आलोय. पण मग प्रश्न पडला की याचा ताळा काय? किंमत असेल तर ती घालून बघता येते. जे नाहीच ते कुठे घालून बघणार?

सकाळभर यात गेली. शेवटी उत्तर साधं निघालं. पहिल्याला ३ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, आणि वजा करा: डावीकडे १२क्ष − १८य − १२क्ष + १८य = ०, उजवीकडे ३० − २८ = २. म्हणजे ० = २. कोणतेही क्ष आणि य दोन्ही समीकरणं पाळत असते तर शून्य आणि दोन एकच झाले असते. म्हणजे ३ आणि −२ हे दोन गुणक हाच 'उकल नाही' याचा पुरावा. ते सूचीत द्यायचे, वाचणाऱ्याने एक वजाबाकी करायची, काम झालं. आता 'उकल नाही' असेल तिथे प्रोग्राम गुणक मागतो आणि डावी बाजू शून्य, उजवी शून्येतर आहे ना ते बघतो.

ताईला इतकं आवडलं की ती म्हणे विद्यार्थ्यांच्या पानावरही हे घालू या. घालू.

१७ जून

उदाहरण ९६. हे मी स्वतः रचलेलं, त्यामुळे जास्त लागलं.

२क्ष + ३य − झ = ४
क्ष − य + २झ = ७
३क्ष + २य + झ = ११

रचण्याची रीत अशी की आधी उत्तर ठरवायचं, (२, १, ३), मग मनाला येतील ते सहगुणक घेऊन उजव्या बाजू काढायच्या. अर्थातच ताळा जुळणार. प्रोग्रामने शाबासकी दिली. पण संध्याकाळी ताईचा फोन: "अगं, मला (१, २, ४) आलंय." मी म्हटलं ताई, तुझं चुकलं असेल. "घालून बघ की." २ + ६ − ४ = ४. १ − २ + ८ = ७. ३ + ४ + ४ = ११. जुळलं!

तिसरं समीकरण म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज आहे. रचताना माझ्या लक्षातही आलं नाही. खरी माहिती दोनच समीकरणांत, आणि उकली अनंत: (त, ३ − त, ५ − त), त ला हवी ती किंमत द्या. त = २ घेतलं की माझं उत्तर, त = १ घेतलं की तिचं.

या आवृत्तीतली सगळ्यात धोक्याची चूक हीच असती असं मला वाटतं. उत्तर चूक नाही, ताळा चूक नाही, तरी सूची चूक, कारण तिने 'हे एक उत्तर' या जागी 'हेच उत्तर' असं सांगितलं. ज्या मुलाने (१, २, ४) काढलं असतं त्याने बरोबर असलेलं उत्तर खोडलं असतं. किंमत घालून केलेला ताळा 'हे उत्तर आहे का' एवढंच विचारतो. 'दुसरं आहे का' हा प्रश्न निश्चयकाला (सहगुणकांवरून काढतात त्या एका संख्येला) विचारावा लागतो: तो शून्य नसेल तर उत्तर एकमेव. इथे तो शून्य.

प्रोग्राममध्ये निश्चयकाची ओळ घातली. उदाहरणाची दुरुस्ती: तिसऱ्या समीकरणातलं + झ चं − झ केलं आणि ११ चे ५. आता निश्चयक १०, आणि उत्तर तेच (२, १, ३) राहतं. सूचीला हात लावावा लागला नाही.

१९ जून

तीन चलांची ३८ संपली. कामात थोडी मजा म्हणून समासातल्या चौकटींसाठी जुनी उदाहरणं शोधली. 'नऊ प्रकरणे' या प्राचीन चिनी गणितग्रंथाच्या आठव्या प्रकरणातलं पहिलंच उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ पिकाच्या पेंढ्या, आणि तीन वेळा केलेली मोजणी:

३क्ष + २य + झ = ३९
२क्ष + ३य + झ = ३४
क्ष + २य + ३झ = २६

उत्तर ९ १/४, ४ १/४, २ ३/४. तिथे सहगुणक काड्यांनी पाटावर उभ्या स्तंभांत मांडत आणि एका स्तंभातून दुसरा वजा करत जात. इ. स. २६३ मध्ये लिऊ हुई यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिलं, त्यात धन संख्यांसाठी तांबड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्यांचा उल्लेख येतो. ज्याला आपण जर्मन गणिती गाउस यांचं निरसन म्हणतो तेच हे, आणि गाउस जन्मले १७७७ मध्ये. माझ्या प्रोग्रामनेही ताळा केला, तिन्ही जुळली. इतक्या जुन्या उत्तरसूचीत चूक नाही, हे जरा मनाला लागलं.

दुसरी चौकट आर्यभटाची. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात गणितपादात एक नियम आहे: काही राशी आहेत, प्रत्येक वेळी एक राशी वगळून बाकीच्यांची बेरीज दिलेली आहे. त्या सगळ्या बेरजा मिळवा, राशींच्या संख्येतून एक कमी करून त्याने भागा, म्हणजे एकूण बेरीज येते. तीमधून एकेक दिलेली बेरीज वजा करा. य + झ = १३, क्ष + झ = ११, क्ष + य = ८ घेतलं तर १३ + ११ + ८ = ३२, भागिले २ म्हणजे १६. मग क्ष = ३, य = ५, झ = ८. लोप नाही, निश्चयक नाही, कागदही नाही. ताईने तर पूर्ण वाचायच्या आत तोंडी सांगितलं.

२२ जून

१० तारखेला जे खटकत होतं त्याचं उत्तर मिळालं. आलेखाच्या विभागासाठी एक अवघड उदाहरण हवं होतं, म्हणून हे घेतलं:

८९क्ष + ५५य = १४४
५५क्ष + ३४य = ८९

उत्तर उघड आहे, (१, १). निश्चयक ८९ × ३४ − ५५ × ५५ = ३०२६ − ३०२५ = १, म्हणजे शून्य नाही, उत्तर एकमेव. सगळं नियमात. ताईने आलेख काढायला घेतला आणि दोन रेषांची एकच रेघ उमटली. तिला वाटलं आपण तीच पुन्हा काढली.

हिशोब केला. पहिल्या रेषेचा चढ −८९/५५, दुसरीचा −५५/३४. दोघांत फरक १/१८७०. १ एकक = १ सेंटीमीटर घेतलं तर क्ष = ० पाशी दोन रेषांतलं अंतर मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा हिस्सा. पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची. त्या रेघेच्या पोटात दोन्ही रेषा मावतात आणि त्यांचा छेदनबिंदूही कुठेतरी आत हरवतो.

आता समजा कुणी आलेखावरून अंदाजाने (१.३४, ०.४५) असं वाचलं. ताळा करा:

८९ × १.३४ + ५५ × ०.४५ = ११९.२६ + २४.७५ = १४४.०१
५५ × १.३४ + ३४ × ०.४५ = ७३.७० + १५.३० = ८९.००

दुसरं समीकरण तंतोतंत. पहिल्यात १४४ च्या जागी १४४.०१. 'थोडा फरक चालेल' म्हणणारा कोणीही याला पैकीच्या पैकी देईल. आणि उत्तर? य निम्म्याहून कमी, क्ष एक-तृतीयांशाने जास्त.

मी ताईला हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे ताळ्यातली चूक लहान असली तरी उत्तरातली लहान असेलच असं नाही." बरोबर. किती मोठी होऊ शकते त्याचं माप आहे, कंडिशन नंबर. हे नाव ब्रिटिश गणिती ॲलन ट्यूरिंग यांच्या १९४८ च्या लेखातून आलं. या उदाहरणात तो सुमारे १५ हजार: डावी-उजवीतला सापेक्ष फरक उत्तरात जास्तीत जास्त इतक्या पटीने वाढून दिसू शकतो. पूर्णांक सहगुणकांच्या सराव-संचात अपूर्णांकांनी काम भागतं हे आमचं नशीब. मोजमापातून आलेले आकडे असते तर १४४ आणि १४४.०१ यांतला खरा कोणता हेच कळलं नसतं, आणि तिथे अचूक अपूर्णांकही काही कामाचे नव्हते.

आलेखाच्या विभागातून हे उदाहरण काढलं. वेगळ्या चौकटीत ठेवलं, दोन्ही ताळ्यांसकट.

२५ जून

शाब्दिक १२. सगळ्यांत कमी, आणि सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला.

उदाहरण ११०: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १०, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य: क्ष + य = १०, ९(य − क्ष) = २७. उकल क्ष = ३.५, य = ६.५. प्रोग्रामचं म्हणणं बरोबर, निश्चयकाचं म्हणणं एकमेव. पण साडेतीन हा अंक कुणी पाहिलाय? बेरीज आणि फरक दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तरच पूर्णांक येतात; इथे १० आणि ३. बेरीज ११ केली, संख्या ४७. अदलाबदल केली की ७४, फरक २७.

उदाहरण ११३, बाप-लेकाचं वय. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, ५ वर्षांपूर्वी चौपट होतं. मांडणीत कंस राहिला: व − ५ = ४म − ५. सोडवलं तर दोघांचंही वय शून्य. समीकरणांत ताळा जुळतो! बाप-लेक एकाच दिवशी जन्मले. कंस घातला, व − ५ = ४(म − ५), मग १५ आणि ४५; ५ वर्षांपूर्वी १० आणि ४०.

शाब्दिक उदाहरणाचा ताळा समीकरणांत करून उपयोग नाही, वाक्यात करायचा. समीकरण आपणच लिहिलेलं असतं.

२८ जून

१२० पैकी १२० बरोबर. मी मिठी मारायच्या तयारीत, आणि ताई: "तुझ्या प्रोग्रामचा ताळा कुणी केला?"

मग मुद्दाम दहा चुका पेरल्या. कुठे उत्तराचं चिन्ह बदललं, कुठे दोन किमतींची अदलाबदल केली, कुठे सहगुणक हलवला, एका ठिकाणी 'उकल नाही' चा गुणक बिघडवला. नऊ पकडल्या. दहावी सुटली: उदाहरण ११० च्या वाक्यात 'वाढते' काढून 'कमी होते' लिहिलं होतं. प्रोग्राम वाक्य वाचत नाही, त्याला फक्त समीकरण दिसतं. सुटणारच होती.

वाक्य परत जागेवर आणलं. शाब्दिक १२ ची वाक्यं छापून ताईकडे पाठवली, समीकरणांशिवाय, फक्त वाक्य आणि उत्तर.

३० जून

ताईचा कागद परत आला. अकरा खुणा. ११८ पुढे पेन्सिलीने 'वाक्य पुन्हा वाच'.

"दोन संख्यांची बेरीज २३. मोठीची दुप्पट ही लहानीच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी." मी २म − ३ल = ४ मांडलं होतं. उत्तर १४.६ आणि ८.४. बेरीज २३, दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक ४, निश्चयक शून्य नाही; पूर्णांक हवेत असंही वाक्यात कुठे नाही, म्हणून प्रोग्रामने निमूटपणे सोडून दिलं, आणि २५ तारखेला मीही. पण १४.६ ची दुप्पट २९.२, ८.४ ची तिप्पट २५.२. कमी कुठे, जास्तच आहे.

२म = ३ल − ४. उत्तर १३ आणि १०. २६, ३०. खोडलं, लिहिलं, पानं छपाईला गेली.